महादरीची गोष्ट मुलांना कशी सांगावी?

व्याख्यानमालेत मुलांच्या पुस्तकांचा विषय काढला की तो अंमळ हलका वाटतो. थोरांच्या सभेत पोरांच्या चित्रांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु आम्हांस असे वाटते की, एखाद्या देशाला आपली भूमी कितपत समजली आहे हे पाहावयाचे असेल, तर तेथल्या विद्वानांचे ग्रंथ उघडण्याआधी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात कोणते पुस्तक आहे ते पाहावे. विद्वान आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहितो. मुलांसाठी लिहिणारा मात्र काय सांगण्याजोगे आहे आणि काय झाकण्याजोगे आहे, याची निवड करतो. आणि त्या निवडीत समाजाचे मन दिसते. उदाहरणादाखल आपण अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन, म्हणजे कोलोरॅडो नदीची महादरी, आणि तिच्याविषयी मुलांसाठी लिहिलेली काही पुस्तके घेऊ.

आधी ही दरी केवढी आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. ॲरिझोना राज्यात असलेल्या या दरीची लांबी नदीच्या वळणांनी मोजली तर २७७ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर भरते. मुंबईहून सोलापूरपर्यंतचा रेल्वेमार्ग जवळपास एवढाच आहे. रुंदी काही ठिकाणी १८ मैल. खोली सर्वांत अधिक आहे तेथे १,८०० मीटरांहून जास्त. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. तेवढा डोंगर या दरीच्या तळाशी उभा केला तरी त्याचा माथा दरीच्या काठाला लागणार नाही. अमेरिकेने १८७२ साली यलोस्टोन हे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान केले. ही महादरी १९०८ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली गेली व २६ फेब्रुवारी १९१९ रोजी राष्ट्रीय उद्यान झाली. येथे 'उद्यान' या शब्दाने फुलांचे ताटवे आणि कारंजी डोळ्यांपुढे आणू नयेत. खणू नये, विकू नये, तोडू नये, पुढच्या पिढीस आहे तसे द्यावे, अशा कायद्याने राखलेली ती भूमी होय.

या दरीतील नावे ऐकली तर आपल्यापैकी कोणीही चमकेल. तेथील खडकांच्या सुळक्यांना विष्णुमंदिर, शिवमंदिर, ब्रह्ममंदिर, बुद्धमंदिर अशा अर्थाची इंग्रजी नावे आहेत. आणि तळाशी जो काळा, अतिप्राचीन खडक आहे, त्याला भूशास्त्रज्ञ विष्णूच्याच नावाने ओळखतात. तेथे आपले कोणी गेले होते काय? मुळीच नाही. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८२ साली या प्रदेशाचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याला ते सुळके पूर्वेकडील देवळांसारखे भासले, म्हणून त्याने काहींना अशी नावे दिली व पुढे इतरांनी तीच रीत चालविली. आपल्याला याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. ज्या दरीत माणसे हजारो वर्षे राहत आली, तेथल्या सुळक्यांना दूरच्या देवांची नावे का शोधावी लागली? या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ.

मुलांना दरी सांगताना पहिली अडचण येते ती काळाची. तळाचा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि नदीने दरी कोरली ती साधारण गेल्या ५०-६० लाख वर्षांत. हे आकडे पाठ होतील, पण समजणार नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला लाख काय आणि कोटी काय, दोन्ही सारखेच. यास्तव आपण असे करू. त्या १७५ कोटी वर्षांचा एक दिवस मानू, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा. आरंभी तळाचा खडक झाला. काठावरचा सर्वांत वरचा थर साचला तेव्हा रात्रीचे सव्वाआठ वाजून गेले होते. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे तो आला अकरा वाजून गेल्यावर. नदीने दरी कोरण्यास प्रारंभ केला तेव्हा बारा वाजण्यास पाच मिनिटे उरली होती. आणि त्या दरीत माणसाचे पाऊल पडले ते शेवटच्या सेकंदात.

जेसन चिन या चित्रकार-लेखकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'ग्रँड कॅन्यन' या पुस्तकात ही अडचण फार साध्या युक्तीने सोडविली आहे. एक बाप आणि त्याची मुलगी दरीच्या तळापासून काठापर्यंत चढून येतात, एवढीच गोष्ट. पण खालचा थर जुना व वरचा नवा असल्यामुळे, मुलगी एकेक पाऊल वर टाकते तसतशी ती काळातूनही पुढे येते. वाटेत तिला दगडात जीवाश्म दिसतो. पानाला तेवढ्याच जागी एक लहानसे भोक पाडलेले आहे. पान उलटले की तोच प्राणी जिवंत, उथळ समुद्रात फिरताना दिसतो आणि मुलगी त्या समुद्रात उभी असते. पुन्हा पान उलटावे, तो ती आपल्या बापाबरोबर कोरड्या वाटेवर. कोटी हा शब्द मुलाला समजला नाही तरी चालेल. जेथे आज धूळ आहे तेथे एकदा पाणी होते, हे त्याच्या बोटाला समजते. २०१८ साली या पुस्तकास कॅल्डेकॉट पदकाच्या खालोखालचा मान मिळाला.

या थरांची भाषा मुलांना सांगण्याजोगी आहे. एका थरात वाळूच्या टेकड्या दगड होऊन राहिल्या आहेत व त्यांवर प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. तेथे वाळवंट होते. एका थरात समुद्री प्राण्यांचे अवशेष आहेत. तेथे समुद्र होता. तांबड्या भिंतीसारखा जो प्रसिद्ध कडा आहे, त्याचा दगड वस्तुतः करडा आहे. वरच्या थरांतील लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून त्याला तांबडा रंग चढला आहे. आणि तळाच्या काळ्या खडकाच्या डोक्यावर थेट जो वालुकाश्म बसला आहे, तो आहे जेमतेम ५२ कोटी वर्षांपूर्वीचा. मधल्या १२० कोटींहून अधिक वर्षांचे थर त्या जागी नाहीतच. ते झिजून वाहून गेले. आपण पोथी उघडावी आणि मधले अध्यायच्या अध्याय गळालेले निघावेत, तसा हा प्रकार. मुलांना 'येथे पाने नाहीत' असे सांगण्याची लाज लेखकाला वाटू नये. शास्त्राचा प्रामाणिकपणा मूल येथेच प्रथम शिकते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे; ती मायेची. मार्गरीट हेन्री या लेखिकेला 'किंग ऑफ द विंड' या पुस्तकासाठी १९४९ साली न्यूबेरी पदक मिळाले होते. १९५३ साली तिने 'ब्रायटी ऑफ द ग्रँड कॅन्यन' ही गोष्ट लिहिली. ब्रायटी हे एक गाढव. तो खरोखरच होऊन गेला; १८९०च्या सुमारापासून सुमारे तीस वर्षे तो दरीत व काठावर मोकळा हिंडत असे, उन्हाळ्यात प्रवाशांच्या तळावर पाणी वाही आणि हिवाळ्यात खाली उबेला जाई. मालक नसलेला, मनाला येईल तेव्हा काम करणारा आणि नसेल तेव्हा निघून जाणारा प्राणी मुलांना आवडला नाही तरच नवल! हजारो मुलांनी ती दरी प्रथम पाहिली ती या गाढवाच्या पाठीमागून. पुढे त्याचा ब्राँझचा पुतळाही झाला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. गाढव हा तेथला मूळचा प्राणी नव्हे. सोन्या-चांदीच्या शोधात आलेल्यांनी ते आणले आणि खाणी फसल्यावर मोकळे सोडून दिले. त्यांची संख्या वाढली. त्यांनी गवत खाऊन उतार उघडे केले, झरे तुडविले, आणि मोठ्या वळणदार शिंगांच्या ज्या रानमेंढ्या तेथे पूर्वापार राहत होत्या, त्यांच्या तोंडचा घास व पाणी तोडले. १९२४ पासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी गाढवे हटविण्यास सुरुवात केली. पुष्कळशी गोळ्या घालून मारली. १९७०नंतर उरलेलीही मारण्याचा बेत झाला, तेव्हा मोठा गहजब उडाला. लोकांना त्या प्रत्येक गाढवात ब्रायटी दिसत होता. उद्यानात मांडलेला त्याचा पुतळा काही काळ लोकांच्या दृष्टीआड करावा लागला. अखेर प्राणिमित्रांच्या एका संस्थेने १९८०च्या सुमारास हेलिकॉप्टरने पाचशेहून अधिक गाढवे दरीतून जिवंत उचलून बाहेर नेली व ती पाळणाऱ्यांना दिली. पुतळाही मग उत्तर काठावरील विश्रामगृहात विराजमान झाला. जुलै २०२५ मधील वणव्यात ते विश्रामगृह जळाले; त्या आगीची झळ पुतळ्यालाही बसली.

याच गोष्टीत जिम ओवेन्स नावाचा प्रेमळ म्हातारा आहे. तोही खरा होता. उत्तर काठावरील हरणांचे रक्षण करण्यासाठी सरकारने त्याला नेमले होते, आणि त्याने प्यूमा जातीचे शेकडो डोंगरी सिंह मारले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे पुण्यकर्म होते. पुढे हरणे बेसुमार वाढली, झाडपाला खाऊन संपला, आणि १९२०नंतरच्या हिवाळ्यांत असंख्य हरणे उपासमारीने मेली. शिकारीवर बंदी होती, मेंढ्यांचे कळप कमी झाले होते, अशी इतरही कारणे होती; सगळा दोष सिंहांच्या शिकारीवर टाकता येत नाही. पण एका प्राण्याचे रक्षण म्हणजे रानाचे रक्षण नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळले.

मग ब्रायटीचे पुस्तक मुलांच्या हातून काढून घ्यावे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. त्या पुस्तकाने जी माया निर्माण केली, तिच्यामुळेच शेकडो जीव बंदुकीपासून वाचले. दोष मायेचा नाही. माया एकाच प्राण्यापाशी थांबली, हा आहे. त्या पुस्तकाशेजारी रानमेंढीचे, गवताचे, झऱ्याचे पुस्तक ठेवावे, आणि मुलाला दोन्ही वाचू द्यावीत. कोणाची बाजू घ्यावी हा पेच मुलाला पडला तर पडू द्यावा. थोरपणी त्याला हाच पेच सोडवावयाचा आहे.

आता सुरुवातीस राहिलेला प्रश्न. त्या दरीत माणसे राहत होती व राहतात. हवासुपाई या जमातीचे सुपाई गाव दरीच्या एका फाट्यात आहे. तेथे आजही मोटाररस्ता पोचत नाही. एके काळी त्यांचा वावर काठापासून तळापर्यंत होता. १८८२ साली सरकारने त्यांना ५१८ एकर जमीन आखून दिली. दरीच्या वाटेवर एका झऱ्याकाठी त्यांच्यापैकी काहींची घरे व शेती होती, ती उद्यानाच्या धोरणापायी गेली. तेथला शेवटचा रहिवासी १९२८ साली बाहेर पडला. इंग्रजी बोलणारे त्याला कॅप्टन बरो म्हणत, आणि त्यांच्या भाषेत 'बरो' म्हणजे गाढव. त्याच दरीतल्या एका गाढवाची गोष्ट पुढे घरोघर वाचली गेली. त्याच नावाच्या माणसाची गोष्ट मात्र पुष्कळ वर्षे कोणी मुलांना सांगितली नाही. १९७५ साली कायदा होऊन हवासुपाईंना सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली, आणि २०२२ साली त्या झऱ्याकाठच्या जागेला त्यांचे नाव देण्यात आले. शंभर वर्षांचा हा इतिहास आहे. तो मुलांना न झेपणारा नाही. आपले घर कोणी घेतले तर कसे वाटेल, हे मुलाला समजावून द्यावे लागत नाही.

विसरलेली माणसे मुलांच्या पुस्तकात परत आणता येतात, याचाही दाखला आहे. १९१५ साली स्टीफन मॅथर यांनी काही वजनदार लोकांना डोंगरात नेले. राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते व्हावे, हे त्यांच्या मनावर बिंबवावयाचे होते. ते खाते १९१६ साली स्थापन झाले. त्या सफरीत रानावनात सर्वांना उत्तम जेवू घातले ते टाय सिंग या चिनी आचाऱ्याने. आणि हे अशा काळात, की जेव्हा चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास कायद्याने बंदी होती. ॲनेट बे पिमेंटेल यांनी २०१६ साली 'माउंटन शेफ' या सचित्र पुस्तकात त्याची गोष्ट सांगितली. उद्याने केवळ अध्यक्षांच्या सह्यांनी होत नाहीत, त्यांना पोळी भाजणारे हातही लागतात, हे मूल त्यातून शिकते.

तात्पर्य, भूमीविषयीचे मुलांचे पुस्तक हाती आले की आपण तीन गोष्टी पाहाव्यात. त्यातून काळ कळतो काय? एका प्राण्याबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचीही काळजी वाटू लागते काय? आणि तेथे राहणारी माणसे त्यात आहेत काय? तिन्ही एकाच पुस्तकात क्वचितच सापडतील. म्हणून एक पुस्तक न देता तीन द्यावीत, आणि जे कोणत्याच पुस्तकात नाही ते आपण तोंडी सांगावे. पुढच्या वेळी घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यातील काळे थर मुलांनी पाहिले आणि 'हे काय?' म्हणून विचारले, तर 'दगड' असे म्हणून गप्प बसू नये. गाडी सुरक्षित जागी थांबवावी, खाली उतरावे, आणि रात्रीच्या अकरा वाजल्यानंतरची ती गोष्ट सांगण्यास प्रारंभ करावा.