आतड्याचा रोगी, गोळी आणि दारू

जळगावकडे केळीचे घड वाहून किंवा धुळ्याकडे कापूस वेचून पाठ ठणकली, की दुकानातली गोळी येते. कोणी वर मोहाची दारूही घेतो. पण ज्याच्या आतड्याला जुनाट दाह आहे, त्याचे काय? १९७१ साली जॉन वेन यांनी दाखविले, की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिने बनू देत नाहीत. ही द्रव्ये वेदना वाढवितात खरी. परंतु पोटाचे व आतड्याचे अस्तरही तीच राखतात. म्हणून डायक्लोफेनॅकने पाठदुखी थांबते आणि आतड्यातून रक्त सुरू होऊ शकते. दारू त्यात भर घालते. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य. पण नित्य मद्य घेणाऱ्याच्या यकृताला तेही बाधू शकते. आम्ही एवढेच सांगू: गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि विचारताना बाटली लपवू नये.