बरंवाईट

नरकचतुर्दशीच्या पहाटे ठाण्याच्या नौपाड्यात तरुण माणूस घरात सापडत नाही. अभ्यंगस्नान उरकायचं, नवे कपडे चढवायचे आणि राम मारुती रोड नाहीतर तलावपाळी गाठायची, हा इथला रिवाज. डोंबिवलीकर हेच फडके रोडवर करतात. शाळेतली, क्लासातली, जुन्या चाळीतली माणसं त्या गर्दीत एकमेकांना सापडतात आणि प्रत्येकाला निदान दहा जण विचारतात, "काय रे, कुठे असतोस हल्ली? कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं. "मजेत."

त्या पहाटे चालताना माझं लक्ष वर, गॅलऱ्यांकडे जातं. आकाशकंदील लागलेला आहे पण दार ओढून घेतलंय, असं एखादं घर दिसतं. आत कोणीतरी "डोकं दुखतंय, तुम्ही व्हा पुढे" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल. बहुतेक वेळा खरोखर डोकंच दुखत असतं. क्वचित एखाद्या वेळी ते दुखणं वेगळं असतं, आणि मला लिहायचंय ते त्याच वेळेबद्दल.

आपल्याला चौकशीचं वावडं नाही. मुलाला किती टक्के पडले, मुलीचं स्थळ जमलं का, पुनर्विकासाचं कुठवर आलं, सुनेला दिवस गेलेत का, सगळं आपण जिन्यात उभ्याउभ्या विचारतो. एकच प्रश्न विचारताना जीभ अडखळते. त्यासाठी मराठीत एक आडपडद्याचा शब्द आहे: बरंवाईट. ‘त्याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर?’ ही भीती आई शेजारणीपाशी बोलते, बाप डॉक्टरांपाशी बोलतो. ज्याच्याबद्दल ती वाटते, त्याच्यापाशी मात्र कोणी बोलत नाही. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, असं सगळ्यांना वाटतं.

हा समज चुकीचा आहे. जगभरच्या अभ्यासांतून हे पुन:पुन्हा दिसलंय की शांतपणे, थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही. उलट ज्याच्या मनात तो घोळत असतो, त्याला सुटल्यासारखं वाटतं. इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं दुसऱ्या कोणीतरी ओळखलेलं असतं. ‘मरावंसं वाटतं का तुला?’ असं सरळ विचारता येतं. ते जड गेलं, तर आपला जुना शब्द आहेच: ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ माणूस त्याने दुखावत नाही. दुखावतो तो पुढच्या वाक्याने. ‘असले विचार करायचेच नाहीत’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘आईबापाचा तरी विचार कर’, ही वाक्यं आपण मायेनेच म्हणतो, पण ऐकणाऱ्याला त्यांतून इतकंच कळतं की इथे बोलून उपयोग नाही. विचारल्यावर गप्प बसायचं, हे विचारण्याहून अवघड असतं.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली होती आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. दहातले सात पुरुष. विद्यार्थी तेरा हजारांवर. कारणांच्या रकान्यात सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’, त्याखालोखाल आजारपण. या रकान्यांवर मात्र फार विसंबू नये. पोलिसांच्या फॉर्मवर कारण एकच लिहिलं जातं. माणसाच्या आयुष्यात कर्ज, झोप उडणं, दारू, अपमान, न ओळखलेलं नैराश्य हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. ‘नापास झाला म्हणून’ असं म्हणताना बाकीचं सगळं आपण गाळून टाकतो, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या नापास मुलाला नकळत भलतंच सांगून बसतो.

आपली वर्तमानपत्रं ‘जीवनयात्रा संपवली’, ‘मृत्यूला कवटाळलं’ असं लिहितात. यात्रा आणि कवटाळणं, दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि म्हणूनच ते इथे नकोत. भारतीय पत्र परिषदेने २०१९ साली याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या: बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं वर्णन नको. त्यामागे अनुभव होता. व्हिएन्नात १९८७ साली पत्रकारांनी अशा बातम्यांना आवर घातला, तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेवरच्या आत्महत्या चटकन घटल्या. संकटातून सावरलेल्या माणसाच्या कहाणीने वाचणाऱ्याला बळ मिळतं, असंही तिथल्याच संशोधकांना पुढे दिसलं. आपल्याकडे असं बळ एका सिनेमाने दिलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी नैराश्यातून स्वत: बाहेर पडू पाहणारी बाई आहे. जीव द्यायला निघालेला एक मुलगा तिला भेटतो. ती त्याला उपदेश करत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरच्या घरात राहायला जागा देते, जेवू घालते, वाट बघते.

ठाण्याच्या माणसाने हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. अख्ख्या मुंबई-कोकणात ‘याला ठाण्याला भरती करा’ हे वाक्य थट्टेत वापरलं जातं. १९०१ साली सुरू झालेल्या इथल्या मनोरुग्णालयामुळे आमच्या गावाचं नावच वेडाला जोडलं गेलं. लहानपणी आम्हीही ती थट्टा केली. तिची किंमत आता कळते. मन थकलेल्या माणसाने डॉक्टरकडे जायचं पाऊल मागे घेतलं, तर त्यामागे ‘लोक म्हणतील ठाण्याला गेला’ ही भीतीही असते.

त्याच ठाण्यात, नौपाड्यात, १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. लोक तिला आयपीएच म्हणतात. ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचं ब्रीद. त्यातला ‘सर्वांसाठी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने मानसोपचार वेड्यांच्या यादीतून काढून शेजारपाजारच्या यादीत आणला. परीक्षेचा धसका घेतलेलं पोर, स्किझोफ्रेनियाशी झुंजणाऱ्याची आई, दारू सोडू बघणारा नवरा, सगळी एकाच दारातून आत जातात. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ‘त्रिदल’ हा आधारगट, फोनवर ऐकून घेणारी ‘मैत्र’ ही सेवा, मुलांना निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसं भेटवणारा ‘वेध’, या सगळ्याला इथल्या साध्या माणसांनी स्वयंसेवक म्हणून हात दिला. भाजी घेऊन परतताना हरिनिवासच्या चौकात ‘आयपीएचला जाऊन येते गं’ असं कोणी सहज म्हटलं, तर ते दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकंच साधं वाटावं. अजून सगळीकडे तसं वाटत नाही. पण नौपाड्यात ते वाक्य मोठ्याने म्हणता येतं, याचा मला अभिमान आहे.

फोनवर ऐकण्याची ही कल्पना कुठून आली, तेही सांगण्यासारखं आहे. चॅड व्हारा या तरुण इंग्रज पाद्र्याने १९३५ साली चौदा वर्षांच्या एका मुलीचे अंत्यसंस्कार केले. तिला पाळी आली होती, आणि आपल्याला वाईट रोग जडला असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणीही नव्हतं. अठरा वर्षांनी, १९५३ मध्ये, व्हारांनी लंडनच्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. लोक येऊ लागले, रांग वाढली. रांगेत थांबलेल्यांना चहा देऊन त्यांच्याशी बोलायला काही स्वयंसेवक असत. बऱ्याच जणांचं त्या बोलण्यानेच भागतं, आत व्हारांकडे जायची गरजच उरत नाही, असं लक्षात आलं. ‘समॅरिटन्स’ तिथून उभी राहिली.

साध्या माणसांचा हा उपयोग आपल्याकडे मोजूनही झालाय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर नैराश्याबद्दल बोलायला लावलं. गरज असेल त्यांना समुपदेशक आणि पुढे डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, अठरा महिन्यांनी ते २७ झाले. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणारे पाच टक्क्यांवरून अडीचवर आले. त्यासाठी शेतमालाचा भाव वाढायची वाट पाहावी लागली नाही. म्हणून भावाचा प्रश्न सोडून द्यावा, असं कोणी ऐकू नये. पण भाव वाढेपर्यंत माणूस जगायला हवा.

‘ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार?’ हे वाक्य मी कट्ट्यावर शहाण्या माणसांकडून ऐकलंय. अमेरिकेत ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा पुढे अनेक वर्षं माग काढला गेला. १९७८ साली तो अभ्यास छापून आला, तेव्हा त्यांतले शंभरात ९४ एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. मरणाची ओढ भरतीसारखी चढते आणि उतरते. त्या चढत्या तासांत माणूस एकटा नसावा, आणि हाताशी धोक्याचं काही नसावं. घरात कोणाची अशी अवस्था असेल, तर औषधांचा डबा आणि तत्सम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असाव्यात. यात अविश्वास कसला? ताप आलेल्याला आपण पावसात जाऊ देत नाही, तितकंच ते साधं आहे.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरंही असतात. १९८५ साली मुंबईत अपघातानंतर मन ढासळलेल्या एका पोलीस शिपायाने पालिका कार्यालयात जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच म्हटलं, १९९६ साली फिरवलं. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं मानलं की प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली असतो, त्याला शिक्षेची नव्हे तर उपचारांची गरज आहे, आणि ते सरकारचं कर्तव्य आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ नाही. तेव्हा रुग्णालयात न्यायला कचरू नका.

फोन करायचा तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची. चोवीस तास, फुकट, मराठीतून. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा ९१५२९८७८२१ वर आहे. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२. ठाण्यात मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. पहिला फोन करताना काय बोलावं सुचत नाही, हे खरं आहे. ‘मला काय बोलायचं ते सुचत नाहीये’ एवढं म्हटलं तरी चालतं. पुढचं समोरचा माणूस बघतो. आणि तुमचा आवाज न फुटण्याइतका थकवा असेल, तर शेजारच्या माणसाला फोन लावून द्यायला सांगा.

शेवटी एका डॉक्टरांचं काम सांगतो, कारण ते दिवाळीशी जुळतं. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोटो यांच्यापुढे अशी ८४३ माणसं होती, जी मानसिक संकटातून रुग्णालयात येऊन गेली होती आणि पुढचे उपचार नाकारत होती. मोटोंनी त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. कसे आहात, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, इतकाच मजकूर. मागणी नाही, तपासणीची आठवण नाही. पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे सर्वांत धोक्याच्या काळात, पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या.

दिवाळीत आपल्या फोनवर शेकडो पणत्या येतात, सगळ्यांना एकच चित्र. यंदा त्या गर्दीत न दिसलेल्या एकाला मी वेगळं लिहिणार आहे, त्याचं नाव घालून: ‘राम मारुतीवर तुझी आठवण झाली. तिसऱ्या मजल्यावर येऊ का चहाला? चकली आणतो.’ उत्तर नाही आलं, तर भाऊबीजेला पुन्हा लिहीन, आणि दिवाळी सरल्यावर, कोणी कोणाला लिहीत नाही अशा एखाद्या मंगळवारी, आणखी एकदा.