झडप अडकते, कारण आग गुदमरते

अमेरिकेच्या उत्तरेत थंडीची लाट आली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही रद्द झालेली विमानं आणि अंधारात बुडालेली शहरं दिसतात. खेड्यांतली एक अडचण मात्र या मथळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन, व्हरमाँट, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग इथे कितीतरी गावांत गॅसची पाइपलाइन नाही. तिथली घरं तापतात ती तेलावर, टाकीतल्या प्रोपेनवर, नाहीतर लाकडावर. लाकूड जाळणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरामागे पत्र्याच्या खोपटासारखा दिसणारा, वर आखूड धुराडं असलेला बॉयलर उभा असतो. त्यात तापलेलं पाणी जमिनीत पुरलेल्या नळांतून घरात जातं. उणे वीस अंशांच्या पहाटे हा बॉयलर गार पडला, की शोध अनेकदा एका छोट्या लोखंडी झडपेपाशी येऊन थांबतो. भट्टीला हवा देणारी ही झडप चिकटून बसलेली असते. मालक ती खरवडतो, तेल सोडतो, फार तर तिला उचलणारं सोलेनॉईड, म्हणजे विजेचं चुंबक, बदलतो, आणि काही दिवसांत झडप पुन्हा चिकटते. झडप साफ करायलाच हवी, यात वाद नाही. पण तिला चिकटवणारं कारण झडपेत सापडणार नाही. आग कशी जाळली जाते यात ते आहे, आणि तिथे हात घातल्याशिवाय ही दुरुस्ती संपायची नाही.

आपल्या तांब्याच्या बंबाशी या यंत्राचं जवळचं नातं आहे. मध्ये आग, भोवती पाणी. पण बंबाला खालून मोकळी हवा मिळते, बंबफोड भडकून जळते, आंघोळी उरकल्या की आग विझते. बाहेरच्या बॉयलरकडून अपेक्षा वेगळी आहे. भट्टी एकदा भरली की रात्रभर कुणाला उठायला लागू नये, आणि घराला हवी तेवढीच उष्णता मिळावी. लाकडाची आग गॅससारखी बटणावर बंद होत नाही, म्हणून तिची हवा तोडली जाते. पाणी ठरवलेल्या तापमानाला, साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला पोहोचलं की ॲक्वास्टॅट नावाचा स्विच वीज तोडतो, सोलेनॉईड सुटतं आणि झडप स्वतःच्या वजनाने पडते. पाणी पाच-सहा अंशांनी उतरलं की सोलेनॉईड झडप पुन्हा उचलतं. काही बॉयलरांत त्याच वेळी पंखाही सुरू होतो. झडप पडलेली असते तेवढा वेळ आग धुमसते, आणि पुढचा सगळा त्रास या धुमसण्यातून जन्मतो.

धुमसत्या लाकडाचा धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. त्यात डांबरी द्रव्यं असतात, ॲसेटिक आम्ल असतं, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि भरपूर वाफ असते. धुराचं तापमान सुमारे १२० अंशांच्या खाली आलं की यातला जड भाग गार पृष्ठभागावर थिजायला लागतो. हेच क्रिओसोट. भट्टीच्या भिंतींमागे पाणी असल्यामुळे त्या फारशा तापूच शकत नाहीत, आणि झडपेच्या एका बाजूला तर हिवाळ्याची उघडी हवा असते. धूर तिथेही झिरपतो आणि झडपेवर, तिच्या टेकण्याच्या कडेवर, बिजागरीच्या पिनेवर थर चढवत राहतो. गरम असताना हा थर चिकट असतो, गार झाला की टणक होतो. संध्याकाळी सुरळीत हलणारी झडप पहाटे का हलत नाही, याचं उत्तर यात आहे. थरातली आम्लं पिनेचं लोखंडही खातात. गंज फुगतो आणि पिनेला फिरायला जागा उरत नाही.

म्हणून तपासणी कोणत्या क्रमाने करायची याला फार महत्त्व आहे. आग उतरलेली असताना मेन स्विच बंद करून झडप आधी हाताने उचलून पाहावी. ती मोकळी हलत नसेल तर विजेकडे बघण्याचं कारण नाही. बिजागरी, टेकण्याची कड आणि गॅस्केट तारेच्या ब्रशने आणि पत्रीने साफ करणं हेच पहिलं काम. झडप मोकळी असेल तर पुढचा प्रश्न असा, की मेन स्विच पुन्हा सुरू केल्यावर आणि पाण्याचं तापमान उतरल्यावर सोलेनॉईडपर्यंत वीज पोहोचते का? ते मल्टिमीटर सांगतो. वीज पोहोचत नसेल तर ॲक्वास्टॅट, फ्यूज आणि वायरिंग पाहावं. वीज आहे पण सोलेनॉईडचा दांडा ओढला जात नाही, असं असेल तर झडपेशी जोडलेला सांधा सोडवून सोलेनॉईड एकटं काम करतं का ते बघावं. बऱ्याच जणांची फसगत इथेच होते. सोलेनॉईड जळालेलं सापडतं, नवं बसवलं की बॉयलर चालू होतो आणि रोग सापडल्याचं समाधान मिळतं. पण एसी विजेवरच्या सोलेनॉईडचा एक गुणधर्म इथे लक्षात घ्यायला हवा. दांडा पूर्ण आत बसला की कॉइलमधला प्रवाह आपोआप कमी होतो. तो अर्ध्यात अडकला तर सुरुवातीचा मोठा प्रवाह वाहतच राहतो, कॉइल तापते आणि जळते. म्हणजे जड झालेल्या झडपेनेच सोलेनॉईडचा बळी घेतलेला असतो. नवं सोलेनॉईडही त्याच वाटेने जाणार. बिजागरीत साधं तेल सोडण्याचा उपायही असाच उलटतो, कारण तेल काजळी धरून ठेवतं आणि उष्णतेने त्याचाच कडक थर बनतो. वंगण लागलंच तर कोरडी ग्रॅफाइटची पूड बरी.

झडप कोणत्या अवस्थेत अडकली याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, ही मला अधिक काळजीची गोष्ट वाटते. बंद अवस्थेत अडकली तर आग विझते, घर गारठतं, नळ गोठायची भीती असते. तक्रार लगेच होते. पण कडेवर जमलेल्या खपलीमुळे झडप पूर्ण टेकलीच नाही, तर फटीतून हवा जात राहते, आग थांबत नाही आणि पाणी उकळायला लागतं. यातले बरेच बॉयलर हवेला उघडे असतात, त्यामुळे दाब वाढत नाही, पण वाफ निघून जाते, पाण्याची पातळी उतरते आणि पाण्याविना उघडा पडलेला पत्रा करपतो. लाकूड घालायचं मोठं दार उघडण्यातही असाच धोका आहे. झडप बराच वेळ बंद राहिली की भट्टीत न जळलेला वायू साठतो, आणि दार एकदम उघडलं तर तो हवा मिळताच भडकतो. आधी झडपेतून थोडा वेळ हवा जाऊ द्यावी, मग बाजूला उभं राहून दार हळूहळू उघडावं.

आता मूळ कारणाकडे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. चांगलं वाळलेल्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली येतं, आणि त्यासाठी ओकसारख्या लाकडाला फोडून, रचून, वरून झाकून दीड-दोन वर्षंही द्यावी लागतात. ओल्या लाकडातल्या पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता हा तोट्याचा लहान भाग. मोठा तोटा असा, की भट्टीचं तापमान धूर जळण्याच्या पातळीपर्यंत चढतच नाही. तरीही ओलं लाकूड जास्त वेळ टिकतं, रात्र काढतं, असं आग्रहाने सांगणारे पुष्कळ आहेत. ते टिकतं हे खरं आहे. पण टिकतं याचा अर्थ ते नीट जळत नाही, आणि न जळलेला भाग धुराड्यावर, झडपेवर आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांत जाऊन बसतो. यावर मराठी वाचकाच्या मनात रास्त शंका येईल, की आपल्या साखर कारखान्यांत सुमारे ५० टक्के ओलाव्याचा बगॅस जाळतातच की! जाळतात, पण तिथल्या भट्ट्या प्रचंड असतात, आत जाणारी हवा अनेक ठिकाणी आधी तापवलेली असते आणि हंगामात आग रात्रंदिवस पुऱ्या जोराने चालते. घरामागच्या बॉयलरची हवा मात्र दिवसातून कितीतरी वेळा तोडली जाते. त्यात तो वर्षातल्या सगळ्यात कडाक्याच्या रात्रीचा हिशेब धरून, शिवाय थोडा मोठाच, घेतलेला असतो. ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये त्याला काम जेमतेम असतं, म्हणून तो बहुतेक वेळ धुमसतच राहतो.

या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर मेन विद्यापीठातले यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड हिल यांनी १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर देऊन ठेवलं, आणि त्यांच्याकडे आजही पुरेसं लक्ष जात नाही. हिल यांनी आगीला लगाम घालण्याची कल्पनाच सोडून दिली. त्यांच्या भट्टीत लाकडं उभी ठेवलेली असत आणि फक्त त्यांची खालची टोकं जळत. पंखा जोराने हवा देई, ज्वाला उष्णतारोधक अस्तराच्या अरुंद कप्प्यातून जाई आणि ज्वलन पुरं होईपर्यंत तिचा पाण्याशी संबंधच येत नसे. आग पेटली की पूर्ण जोराने जळायची आणि विझायची. मिळालेली उष्णता मोठ्या टाकीतल्या पाण्यात साठायची आणि घर ती हवी तशी घ्यायचं. साठवायची असेल तर उष्णता साठवा, धुमसतं लाकूड नको, असा या रचनेचा सारा अर्थ आहे. साधं गणित मांडून पाहा. २,००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवलं तर त्यात सुमारे ९३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता साठते. ताशी आठ युनिट लागणारं घर तेवढ्यावर रात्र काढतं, आणि त्या रात्री भट्टीत काहीही धुमसत नाही. टाकीला पैसे लागतात, जागा लागते, रोज आग पेटवावी लागते, हे आक्षेप खरे आहेत. पण दर हिवाळ्यात जळणारी सोलेनॉईडं, कुजणारा पत्रा आणि धुरातून वाया गेलेलं लाकूड या हिशेबात धरलं जात नाही, म्हणूनच टाकी महाग वाटते.

कायद्याने हा धडा हळूहळू आणि अर्धवट घेतला. १९८८ चे केंद्रीय नियम घरातल्या लाकडी शेगड्यांपुरते होते, बाहेरचे बॉयलर त्यातून सुटले. व्हरमाँटसारख्या राज्यांनी आपले नियम आधी केले. केंद्रीय पर्यावरण संस्थेचा बंधनकारक नियम २०१५ मध्ये आला आणि त्याचा कडक टप्पा मे २०२० पासून लागू झाला. घराला मिळणाऱ्या दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे सूक्ष्म कणांचं प्रमाण ०.१० पौंडांच्या आत हवं. हा नियम नव्या विक्रीला लागू आहे, आधी बसवलेले बॉयलर चालूच आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की लाकडी उपकरणांची चाचणी आणि प्रमाणन नीट होतं याची पुरेशी खात्री ही यंत्रणा देत नाही. त्याच वर्षी दहा राज्यं नियमांच्या रखडलेल्या फेरआढाव्यासाठी न्यायालयात गेली. प्रयोगशाळेत ठरावीक मापाचं आणि ठरावीक ओलाव्याचं लाकूड जळतं, घरामागे हाताला येईल ते. फेरआढाव्यात ही तफावत मोजली गेली पाहिजे, आणि उष्णता साठवणारी टाकी ही हौसेची जोड न राहता बॉयलरचा भाग मानली गेली पाहिजे.

जुना बॉयलर बदलणं ज्यांना परवडत नाही, त्यांना हे सगळं ऐकवणं अन्यायाचं होईल, असंही कुणी म्हणेल. त्यांच्यासाठीही मार्ग आहे आणि तो स्वस्त आहे. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या वसंतातच फोडून झाकून ठेवायचं. भट्टी काठोकाठ भरण्याऐवजी त्या दिवसाच्या थंडीपुरतंच जळण घालायचं. फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात हा बॉयलर चालवायचा नाही. हंगामात दर आठवड्याला झडप आणि तिची कड साफ करायची, आणि क्रिओसोटचा थर कमी होतोय का ते तेव्हाच पाहायचं. वाळलेलं लाकूड घालूनही थर वाढतच राहिला तर बॉयलर घराच्या मानाने मोठा आहे, आणि टाकी जोडण्याचा खर्च त्याच घरात सर्वांत आधी वसूल होईल.