विनाशिकांच्या नावातलं हवामान

वसंतातला पाऊस, पहिलं हिम, संध्याकाळचं धुकं. ही निसर्गवर्णनं नाहीत, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जपानी विनाशिकांची नावं आहेत : हारुसामे, हात्सुयुकी आणि यूगिरी. विनाशिका म्हणजे पाणतीर आणि तोफा वागवणारी, वेगवान आणि तुलनेनं लहान युद्धनौका.

त्या काळच्या जपानी आरमारात नावावरून नौकेचा प्रकार बहुधा ओळखता येई. सर्वांत मोठ्या तोफांच्या बॅटलशिपना जुन्या प्रांतांची नावं असत. उदाहरणार्थ यामातो, नागातो. क्रूझरना पर्वतांची किंवा नद्यांची. मोठ्या विनाशिकांना वारा, पाऊस, हिम, ढग, लाटा, चंद्र यांची, तर लहान विनाशिकांना झाडांची : मात्सु म्हणजे पाइन, ताके म्हणजे बांबू. सजीवांच्या शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दावरून आपल्याला प्रजाती कळते, तसंच काहीसं हे. नाव हेच वर्गीकरण!

१९२० च्या दशकात काही विनाशिकांना नुसते क्रमांक दिले गेले होते. १९२८ साली त्यांनाही नावं मिळाली. त्यांतल्या काहींची नावं जुन्या पंचांगातल्या महिन्यांची होती. पहिला महिना मुत्सुकी, पाचवा सात्सुकी.

आता एक कोडं पाहू. 'सामिदारे' या विनाशिकेच्या नावाचा अर्थ 'पाचव्या महिन्यातला पाऊस'. पण जपानमधला हा पावसाळा प्रामुख्यानं जूनमध्ये असतो. मग पाचवा महिना कसा? जपाननं आजचं कॅलेंडर १८७३ साली स्वीकारलं. त्याआधीचे महिने चंद्रावरून मोजत आणि वर्ष साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होई. त्यामुळे जुना पाचवा महिना बहुतेक जूनमध्ये येतो. कालगणना बदलली, शब्द मात्र जुनाच राहिला.

नावं हवामानाची असली तरी हवामानानं या नौकांची गय केली नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये सरावाला निघालेला ताफा प्रशांत महासागरात चक्रीवादळात सापडला. हात्सुयुकी आणि यूगिरी या दोन्ही नौकांचा पुढचा भागच तुटून गेला. लाटेच्या माथ्यावर नौका मध्यभागी उचलली जाते आणि तिची टोकं खाली झुकतात. दोन लाटांच्या मधल्या खोलगट भागात याच्या उलट घडतं. सांगाडा असा पुन्हा पुन्हा वाकतो. शस्त्रं भरपूर आणि सांगाडा हलका, ही रचना हा ताण सोसू शकली नाही. त्यानंतर अनेक नौकांचे सांगाडे मजबूत करावे लागले.

युद्धानंतरच्या जपानी नौदलानंही ही प्रथा पुढे चालवली. १९९६ साली सेवेत आलेल्या एका विनाशिकेचं नाव आहे मुरासामे, म्हणजे येऊन-जाऊन पडणारी जोरदार सर.

वर्गात यावरून एक उपक्रम घेता येईल. वळीव, झड, रिपरिप, भुरभुर, संततधार असे पावसाचे शब्द मुलांकडून गोळा करून घेऊ. मग ते ऋतू, जोर आणि कालावधी यांनुसार मुलांनाच लावू देऊ. एखादा शब्द दोन गटांत बसला तर वाद होईल. तो होऊ द्यावा. वर्गीकरण शिकण्याची खरी सुरुवात तिथेच होते.