कवटीमागची वाट

गाय लाळ गाळते, घोगरं हंबरते, चारा गिळत नाही. मालकाला वाटतं घशात काही अडकलं, आणि तो बाही सरसावून तोंडात हात घालतो. गुरांमधला रेबीज असाच फसवतो. अशी लक्षणं इतर रोगांतही दिसतात: एका बाजूला गोल फिरणाऱ्या शेळीला लिस्टेरिया असू शकतो. गोमाशी चावून पसरणारा सर्रा मात्र रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली सापडू शकतो. रेबीजचा पक्का निकाल जनावर मेल्यावर मेंदूच देतो.

मेंदू काढायचा म्हणजे कुऱ्हाडीने कवटी फोडायची, ही जुनी रीत. त्यात वेळ जातो आणि बारीक तुषार तोंडावर उडतात. दुसरी वाट मागून आहे. मुंडकं मानेच्या पहिल्या मणक्यापाशी वेगळं केलं की मज्जारज्जू जिथून कवटीत शिरतो ते भोक उघडं पडतं. तिथून शीतपेयाची साधी प्लास्टिकची नळी डोळ्याच्या रोखाने सरकवायची. मेंदूचा देठ आणि लहान मेंदूचा तुकडा तिच्यात येतो. 'मॅड काऊ'च्या तपासणीसाठी याच भोकातून लांब दांड्याचा चमचा घालतात.

अवघड काम यापुढे सुरू होतं. नमुना बर्फात हवा. बर्फाची खात्री नसेल तर निम्म्या ग्लिसरीनच्या सलाइनमध्ये तो बराच तग धरतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की रेबीजची नेहमीची चमक-चाचणी त्यावर होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं, भामरागडचा रस्ता तुटतो, आणि नागपूर किंवा पुण्याची प्रयोगशाळा आणखी लांब जाते. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकावर होणारी जलद चाचणी गडचिरोली-चंद्रपूरच्या जिल्हा पातळीवर आणणं मला नव्या इमारतीपेक्षा निकडीचं वाटतं.

मेंदूच्याच दुसऱ्या रोगाची, जपानी मेंदूज्वराची, गोष्ट वेगळी. धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव, बगळे, गावडुकरं: त्याच्या डासाला आणि विषाणूला लागणारं सगळं इथे आहे. डुकरात विषाणू वाढतो. घोडा आजारी पडतो, पण त्याच्यापासून पुढे पसरत नाही. घोडा हा इशारा देणारा प्राणी खरा, पण या भागात तो वरातीपुरताच दिसतो. त्यामुळे इथे डुकरांचं रक्त तपासायला हवं.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानुसार रेबीज आणि जपानी मेंदूज्वर, दोन्हींची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. तरी खबर कशाने येते ते ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत दिसतं. वाघाने गाय मारली की वनविभागाचा पंचनामा होतो आणि भरपाई मिळते, त्यामुळे निरोप लगेच पोचतो. पिसाळून मेलेल्या गाईसाठी निरोप धाडून मालकाच्या पदरात काय पडतं? नुसती चौकशी. मेंदूचा नमुना देणाऱ्यालाही काही रक्कम मिळाली, तर जी मुंडकी आज पुरली जातात त्यांतली काही तरी दवाखान्यात येतील.

मुंडकं कापायला सुरा बहुधा दवाखान्यातल्या परिचराच्या हाती असतो. रेबीजची आगाऊ लस आधी त्याला टोचा, मग डॉक्टरांना.