शिखरजीच्या वाटेवर एक दिवस ग्रंथांसाठी

सम्मेदशिखरजीची वंदना करून परतणारी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे कोलकात्यास मुक्काम करतात. पारसनाथ स्थानकावरून हावड्यास येणे सोयीचे पडते. माणिकतल्याचे काचकामाने नटलेले जिनमंदिर पाहावे, खरेदी उरकावी आणि गाडी गाठावी, असा बहुतेकांचा क्रम. याच नगरीत अलिपूर येथे, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी, देशाचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच कोणास राहते.

१८३६ साली स्थापन झालेली कलकत्ता पब्लिक लायब्ररी हे या संस्थेचे मूळ. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात ती इंपीरियल लायब्ररी म्हणून खुली झाली, १९४८ मध्ये तिला ‘राष्ट्रीय’ हे नाव मिळाले आणि १९५३ पासून बेल्व्हेडिअर या जुन्या प्रासादात ती वाचकांसाठी उघडली. आज तेथील ग्रंथसंख्या वीस लाखांहून अधिक असून मराठीसाठी स्वतंत्र विभाग आहे.

व्यापारी कुटुंबाचा तेथे काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत तीस दिवसांच्या आत या ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते. समजा, बार्शीच्या एखाद्या अडत्याच्या आजोबांनी १९६२ साली स्तवनांची पुस्तिका छापून घेतली. घरची शेवटची प्रत वाळवीने खाल्ली, तरी त्या वेळी प्रती पाठविल्या असतील तर आजोबांचे शब्द मिळण्याची आशा उरते.

अशा शोधास निघताना पूर्वतयारी हवी. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, गाव आणि साल एका कागदावर टिपून ठेवावे. प्रथम मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी. तेथे काम झाले तर पुढचा शोध वाचेल. अन्यथा राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची संकेतस्थळावर तपासावी आणि वाचनाच्या वेळा व वाचकपत्राचे नियम निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. ओळखपत्र व छायाचित्रे जवळ असावीत. येथे कपाटातून पुस्तक आपल्या हाताने काढता येत नाही. मागणीपत्र भरावे लागते आणि ग्रंथ येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून एका तासाची धावती भेट निष्फळ ठरते. पूर्ण दिवस राखावा. तोवर मुलांना शेजारचे प्राणिसंग्रहालय दाखविता येते.

एक हिशेब मात्र आपल्याच बाजूचा आहे. स्मृतिग्रंथ, समाजदर्शिका, स्तवनसंग्रह आपण हौसेने छापतो, विनामूल्य वाटतो. पण चार प्रती टपालाने पाठविण्याचे राहून जाते. पाठविलेच नाही, तर पुढे नातवंडांनी शोधावे तरी काय? ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो. त्याच दिवशी घरातील छापील पुस्तकांची यादी करावी आणि यापुढे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या खर्चात या चार प्रतींचे टपाल आधीच धरावे. ग्रंथ जपणे हीदेखील ज्ञानाची उपासनाच होय.