खाऊच्या पैशांचा मालक कोण?

पाहुणे निघाले, चपलांत पाय सरकले की मराठी घराच्या दारात एक ठरलेला प्रवेश रंगतो. मावशीआजी पर्स उघडतात आणि दोनशेची नोट मुलाच्या मुठीत कोंबतात. 'अहो, हे कशाला?' आई म्हणते. 'तुला कुठे देतेय? त्याला देतेय, खाऊला.' मुलगा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतो, तिने डोळ्यांनी होकार दिला की नोट घेतो आणि वाकून नमस्कार करतो. लिफ्टचं दार लागतं न लागतं तोच आईचा हात पुढे येतो. 'दे इकडे, मी ठेवते. तू हरवशील.'

असे प्रसंग वर्षाकाठी काही कमी येत नाहीत. वाढदिवस, भाऊबीज, ईदची ईदी, परीक्षेचा निकाल, आजोळहून परतताना आजीने हळूच दिलेली नोट. मुंज असेल तर भिक्षावळीपासून पाकिटांपर्यंत बटूच्या नावाने एका दिवसात चांगली रक्कम जमते. वरचा एक रुपया जोडलेली ती पाकिटं मुलाच्या हाती काही क्षण टेकतात आणि पुढच्या हाती जातात. पैसे आपले आहेत असं मुलाला दरवेळी सांगितलं जातं. ते खर्च करायची वेळ मात्र 'तू मोठा झालास की' येणार असते.

सर्वांत गमतीचा प्रवास ओवाळणीचा. भाऊबिजेच्या सकाळी बाबा सहा वर्षांच्या मुलाला शंभराची नोट देतात. तो ती ताईच्या तबकात टाकतो. ताई ती उचलून मिरवते, मैत्रिणीला फोनवर सांगते. दुपारी ती नोट आईच्या कपाटात जाते आणि दोन दिवसांनी इस्त्रीवाल्याला दिली जाते. कुणी कुणाला फसवलेलं नसतं. तरी ताईला तिच्या शंभर रुपयांचं काय झालं हे कधीच कळत नाही.

यात आईचीही एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडे पाकिटातला पैसा क्वचितच एकट्या मुलाचा असतो. कोणी किती दिले याची नोंद आहेराच्या वहीत होते, कारण त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, किंबहुना थोडं चढं, पाकीट न्यावं लागतं. मामाने भाच्याला पाचशे दिले तर मामाच्या मुलीच्या वाढदिवसाला पाचशे जाणार, आणि ते जाणार आईबाबांच्या खिशातून. म्हणजे घराच्या हिशेबात हा पैसा देण्याघेण्याचा असतो, मुलाच्या हिशेबात तो भेटीचा असतो. एकाच नोटेचे हे दोन हिशेब कोणी समोरासमोर मांडत नाही, म्हणून घराघरांत तीच कुरबुर पुन्हा पुन्हा होते.

कायद्याला विचारलं तर उत्तर मुलाच्या बाजूने झुकतं. अज्ञान मुलाला करार करता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्याने ठरलेलं आहे. पण त्याच्या नावाने दिलेली भेट त्याचीच असते. पालक तिचे राखणदार. तिचा वापर मुलाच्या हितासाठी व्हावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे खाऊच्या पैशांवरून कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. चीनमध्ये मात्र तसं घडलं आहे. तिथे नववर्षाला मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात. झेंगझोऊ शहरातल्या एका मुलाच्या खात्यात असे ऐंशी हजार युआनहून जास्त साठले होते. घटस्फोटानंतर वडिलांनी ते दुसऱ्या लग्नाच्या खर्चासाठी काढले. मुलाने दावा लावला आणि कोर्टाने ते पैसे व्याजासह परत करायला लावले. जर्मनीत तर १९०० सालापासून लागू असलेल्या नागरी कायद्यात यासाठी एक कलमच आहे. स्वतःच्या मर्जीने वापरायला मिळालेल्या पैशांतून मुलाने रोख किंमत मोजून केलेली खरेदी तिथे वैध धरली जाते. पैसे आईवडिलांनी दिलेले असोत की त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी.

पण घरातला प्रश्न कायद्याचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे. त्यावर एका छोट्याशा प्रयोगाने चांगला प्रकाश पडतो.

वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, असा त्याचा गाजलेला निष्कर्ष. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या गटावर तो पडताळला, तेव्हा हा संबंध बराच फिका पडला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर आणखीच. त्याआधी रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच धागा पकडला होता. त्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. खाऊ समोर ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांबलात तर याहून छान रंग आणून देतो. निम्म्या मुलांना ते रंग खरोखर मिळाले. उरलेल्यांना 'अरे, रंग संपलेत' असं सांगितलं गेलं. मग खाऊची परीक्षा झाली. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, शब्द मोडलेली तीन. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं कळ काढली, दुसऱ्या गटातल्या फक्त एकाने.

शब्द मोडलेली मुलं उतावळी नव्हती, शहाणी होती. समोरच्याचा भरवसा नसेल तर हातातलं खाऊन टाकणंच फायद्याचं, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. 'मी ठेवते' म्हणून गेलेली नोट जर कधीच परत दिसली नाही, तर आपलं मूलही नेमका हाच धडा गिरवतं. साठवलेले पैसे जातात, खर्च केलेले तेवढे आपले राहतात. पुढे पगार हाती आल्यावर तो पंधरा तारखेपर्यंत का टिकत नाही, याचं एक मूळ इथेही असू शकतं. बचत शिकवायला म्हणून काढून घेतलेली नोट उधळेपणा शिकवून जाते, ती अशी.

मुलावर सोडलं तर तो काय करील, ही धास्ती असते. मराठी वाचकाला याचं एक उदाहरण चांगलं ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'श्यामची आई'मध्ये दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घेतो. घरी आल्यावर आईला आधी शंका येते की हे पैसे आले कुठून. त्या प्रसंगात बंधुप्रेम आहेच, पण पैशांच्या बाजूनेही तो वाचण्यासारखा आहे. कोट शिवायचा हे कोणी सुचवलेलं नाही, शिंप्याकडे तो आपणहून जातो. पैसे दर महिन्याला काढून घेतले जात असते तर हा कोट शिवलाच गेला नसता.

सगळी मुलं श्याम नसतात, हे खरं. पण मुलांच्या हाती व्यवहार दिला की ती तो किती गांभीर्याने करतात, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मेलजोल संस्थेच्या कामातून 'अफलातून' हा कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक देशांत गेला. यात शाळेतली मुलं आपली बचत बँक स्वतः चालवतात. रुपया-दोन रुपये जमा होतात, नोंद मुलंच ठेवतात आणि पैसे कशासाठी वापरायचे हेही मुलंच ठरवतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणारे बालबाजारही याच जातीचे. घरच्या मेथीची जुडी घेऊन बसलेली चौथीतली मुलगी दहाची नोट उलटसुलट करून बघते, सुट्टे मोजून देते आणि उधारी साफ नाकारते.

मालकी आली की नजर बदलते. पुण्याच्या तुळशीबागेत आईबाबांबरोबर आलेलं मूल आठवून बघा. पैसे बाबांचे असले की 'हे पण घ्या ना' संपत नाही. तेच मूल स्वतःचे तीनशे रुपये खिशात घेऊन आलं की खेळण्याचा खोका आधी उलटा करतं. किंमत बघतं, 'सेल वेगळे घ्यावे लागतील का?' असं विचारतं, खोका ठेवतं, पुढच्या दुकानात जातं, परत पहिल्या दुकानात येतं. दुकानदार कंटाळतो, आई घड्याळ बघते. मूल मात्र आयुष्यातला पहिला भावताव करत असतं.

मग हे जमवायचं कसं? ज्या घरांत जमतं तिथे एक गोष्ट सहसा सारखी दिसते. वाटणी पैसे येण्याआधी ठरलेली असते. किरकोळ रक्कम, म्हणजे दारातली दोनशेची नोट, पूर्ण मुलाची. मुंजीसारखी मोठी रक्कम आली तर त्यातला ठरावीक वाटा मुलाच्या मर्जीचा आणि उरलेला त्याच्या नावाच्या ठेवीत, पावती त्याला दाखवून. देण्याघेण्यासाठी घराला काही ठेवावं लागणार असेल तर तेही सांगून. दहा वर्षांच्या मुलाला आहेराची वही समजते. त्याला ती कोणी उघडून दाखवलेली नसते इतकंच.

कुंपणही आधीच घालावं लागतं. छऱ्यांची बंदूक नाही, ऑनलाइन गेममधल्या खरेदीवर अमुक रकमेच्या वर नाही, दुकानातलं कुत्र्याचं पिल्लू तर नाहीच. नियम चार असोत, पण आधी सांगितलेले असोत. मूल दुकानाच्या काउंटरवर पोचल्यावर सुचलेला नियम त्याला नियम वाटत नाही, दगा वाटतो. कुंपणाच्या आतली निवड मात्र आपल्याला कितीही भिकार वाटली तरी त्याची. चारशे रुपयांची रिमोटची गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडते, तेव्हा दोन मोह आवरावे लागतात. एक, 'सांगितलं होतं ना!' म्हणण्याचा. दुसरा, रडू बघवत नाही म्हणून नवी गाडी आणून देण्याचा. आठव्या वर्षी चारशे रुपये बुडणं हा स्वस्तात झालेला तोटा आहे. हेच शिक्षण तिशीत, गाडीच्या हप्त्यावर, फार महाग पडतं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मुलाचा गल्ला हा बऱ्याच घरांत सुट्ट्या पैशांचा साठा असतो. रिक्षावाल्याला वीस रुपये हवेत, भाजीवाल्याला दहा, की गल्ल्याचं झाकण उघडतं. नेलेत तर चिठ्ठी टाकावी आणि आठवड्याच्या आत परत करावेत. मोठ्यांनी उधारी फेडलेली बघणं मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतं.

सध्या मात्र नोटच दिसेनाशी होत चालली आहे. सिंगापूरची आत्या किंवा बंगळुरूचा काका आता थेट बाबांच्या फोनवर पैसे पाठवतो. फोन टिंग वाजतो, बाबा 'थँक यू म्हण' म्हणतात आणि रक्कम घरखर्चात विरघळते. मुलाने हातात घ्यावं असं काही उरतच नाही. लहान मुलांच्या बाबतीत यावर साधा उपाय म्हणजे तेवढे पैसे एटीएममधून काढून रोख देणं किंवा त्याच्या नावाची वही करून त्यात जमा-खर्च मांडणं.

रोख साठवण्यालाही मर्यादा आहेतच. २०१६ ची भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. बरोबर आठवड्याने, ८ तारखेच्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, आणि ओवाळणीत पाचशेची नोट मिळालेल्या मुलांचे गल्ले त्या महिन्यात फुटले. म्हणूनच पैसे बँकेत ठेवायला वयाची दहा वर्षं हा सोयीचा टप्पा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सुधारित सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलाला, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतःच्या नावाने उघडून स्वतःच चालवता येतं. त्याहून लहान मुलांचं खातं पालकांमार्फत उघडतं आणि आईही पालक म्हणून चालते. एटीएम कार्ड किंवा चेकबुक द्यायचं की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाने ठरवते. जमा असलेल्या पैशांपेक्षा जास्त काढणं अशा खात्यात शक्य नसतं, त्यामुळे कर्जाची भीती नाही. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं. त्याला किमान पाचशे रुपये लागतात.

या खात्याच्या फॉर्मवर सही मुलाची असते. बहुतेक मुलांनी तोवर सही ठरवलेलीच नसते, त्यामुळे बँकेत जायच्या आदल्या रात्री रफ वहीची दोन पानं सरावात जातात. पैसे काढायच्या स्लिपवरही मग तीच सही लागते, आईची चालत नाही. अठरा पूर्ण झाली की बँक नव्याने सही आणि सूचना घेते आणि खातं सज्ञान माणसाचं म्हणून पुढे चालू राहतं.